विषुववृत्त : एक रेषा, तेरा देश



ज्या गुरुजींचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे, त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकविला. त्यांच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करावे, हे कोणास थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु भूगोल आणि भाषा यांची गाठ एका ठिकाणी हमखास पडते. ते ठिकाण म्हणजे नावे. म्हणून आज मी एका शब्दापासून प्रारंभ करून, त्या शब्दाने दर्शविलेल्या रेषेवरून, आपणांस पृथ्वीप्रदक्षिणा घडविणार आहे. तो शब्द म्हणजे ‘विषुववृत्त’.

शब्दाची कुळकथा

‘विषुव’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. वैदिक वाङ्मयात वर्षभर चालणाऱ्या ‘गवामयन’ नावाच्या सत्राच्या ऐन मध्यावरील दिवसास ‘विषुवत्’ म्हणत. त्याच्या अलीकडे जितके दिवस, तितकेच पलीकडे. दोन्ही बाजूंस समान असणे, हा या शब्दाचा गाभा होय. पुढे ज्योतिषात दिवस आणि रात्र समान होण्याच्या क्षणास ‘विषुव’ म्हणू लागले आणि पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळास विषुववृत्त हे नाव मिळाले.

आपल्या ज्योतिषग्रंथांत याच रेषेवरील प्रदेशाला आणखी एक सुरेख नाव आहे : ‘निरक्ष देश’. अक्ष म्हणजे ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची, म्हणजेच आपला अक्षांश. जेथे हा अक्ष शून्य, तो निरक्ष देश. तेथे दोन्ही ध्रुव क्षितिजाला टेकलेले असतात, दिवस तीस घटिकांचा आणि रात्रही तीस घटिकांची असते. विषुवदिनी मध्यान्ही तेथे काठी उभी केली तर तिला सावलीच पडत नाही. ‘पलभा शून्य’ असे त्याचे शास्त्रीय वर्णन आहे.

सिद्धांतकारांनी या निरक्ष वर्तुळावर परस्परांपासून नव्वद नव्वद अंशांवर चार नगरे कल्पिली होती : लंका, यमकोटी, सिद्धपूर आणि रोमक. यांतील लंका उज्जयिनीच्या बरोबर दक्षिणेस, एकाच रेखावृत्तावर मानलेली आहे. ही रामायणातील लंका नव्हे आणि आजचा श्रीलंका देशही नव्हे. हा गणितासाठी मानलेला बिंदू आहे. आपले इंदूर हे उज्जैनच्याच रेखावृत्ताच्या जवळपास वसलेले आहे. तेव्हा या शाळेच्या दारातून कोणी नाकासमोर दक्षिणेस निघाला, तर सुमारे अडीच हजार किलोमीटरांवर तो सिद्धांतकारांच्या लंकेत पोहोचेल. आजच्या नकाशावर तेथे उघडा समुद्र आहे. उज्जैनच्या वेधशाळेतील नाडीवलय यंत्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याची तबकडी विषुववृत्ताच्या पातळीशी समांतर बसविलेली आहे, म्हणून सहा महिने तिच्या उत्तरेकडील तोंडावर ऊन असते आणि सहा महिने दक्षिणेकडील. विषुववृत्त आपल्यापासून दूर असले, तरी त्याची सावली माळव्यात अशी रोज मोजता येते.

तेरा देशांची मोजदाद

विषुववृत्ताची लांबी सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. त्यातील जवळजवळ चार पंचमांश भाग पाण्यावरून जातो. उरलेल्या भूमीवर आणि बेटांच्या सागरी हद्दींत मिळून तेरा देश या रेषेवर येतात. आफ्रिका खंडातील सात : साओ टोमे व प्रिन्सिप, गॅबन, काँगो प्रजासत्ताक, काँगो लोकशाही प्रजासत्ताक (१९९७ पर्यंतच्या नकाशांतील झाईर), युगांडा, केनिया आणि सोमालिया. दक्षिण अमेरिकेतील तीन : ब्राझील, कोलंबिया आणि इक्वाडोर. आशियातील दोन : इंडोनेशिया आणि मालदीव. ओशियानियातील एक : किरिबाती. यांपैकी मालदीव आणि किरिबाती यांच्या एकाही बेटावरून ही रेषा जात नाही. ती त्यांच्या समुद्रातून जाते. आशियाची मुख्य भूमीही तिला शिवत नाही. मलाया द्वीपकल्पाचे टोक सव्वा अंश उत्तरेसच थांबते.

यात एक गंमत आहे. ज्याच्या नावातच विषुववृत्त आहे, तो इक्वेटोरियल गिनी हा देश या यादीत नाही. त्याची मुख्य भूमी रेषेच्या उत्तरेस आणि आनोबोन हे त्याचे बेट दक्षिणेस. रेषा मधल्या समुद्रातून निघून जाते.

यादी येथे संपली. पण यादी म्हणजे भूगोल नव्हे. आपल्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांत ‘विषुववृत्तीय प्रदेश’ या मथळ्याखाली चार ओळी असत : हवा उष्ण व दमट, रोज दुपारी पाऊस, घनदाट अरण्ये आणि लोक आळशी व मागासलेले. पहिल्या तीन विधानांत अर्धसत्य आहे; चौथे मात्र तपासून पाहिले पाहिजे. ते कोण्या पाठ्यपुस्तककाराने सहज लिहिलेले नव्हते. अठराव्या शतकात माँटेस्क्यूने उष्ण हवेचा आणि माणसाच्या स्वभावाचा संबंध जोडला. १९१५ साली एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकन भूगोलज्ञाने हवामान आणि संस्कृती यांवर ग्रंथ लिहून तोच विचार शास्त्राच्या पोशाखात मांडला. या तर्काप्रमाणे अक्षांश सांगा, की माणसाचे भवितव्य ठरले! हे खरे असेल, तर एकाच शून्य अक्षांशावरील तेरा देश एकसारखे असावयास हवेत. ते तसे आहेत काय? चला, त्या कल्पित लंकेपासून पश्चिमेस निघू.

मालदीव ते केनिया : एकच सूर्य, निराळे ऋतू

पहिल्यांदा लागतो मालदीव. हुवाधू प्रवाळद्वीप आणि फुवामुला बेट यांच्यामधील समुद्रातून रेषा जाते. भाषेच्या अभ्यासकाला हे ठिकाण विशेष मोलाचे वाटावे. येथील दिवेही भाषा सिंहलीच्या निकटची, म्हणजे मराठीच्याच इंडो-आर्य कुळातील आहे, आणि अड्डू प्रवाळद्वीपात ती विषुववृत्ताच्या दक्षिणेसही बोलली जाते. आपल्या भाषाकुळाने होडीत बसून ही रेषा केव्हाच ओलांडली.

पुढे सोमालिया. पाठ्यपुस्तकाप्रमाणे येथे घनदाट अरण्य हवे. प्रत्यक्षात येथे खुरटी झुडपे, उंटांचे कळप आणि जेमतेम पाऊस आहे. का? तर वारा. दक्षिण गोलार्धातील व्यापारी वारे उन्हाळ्यात केनिया व सोमालियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि किनाऱ्याशी जवळजवळ समांतर वाहत अरबी समुद्रात शिरतात. सोमालियाला ते पाऊस देत नाहीत. उलट किनाऱ्यालगतचे थंड पाणी वर आणतात. तेच वारे पुढे नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन कोकणच्या कड्यांवर आदळतात. १९६०च्या दशकात फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने या वेगवान वायुप्रवाहाचा मार्ग दाखवून दिला. सोमालियाला कोरडे ठेवून जाणारा वारा सह्याद्रीला भिजवितो. विषुववृत्तावर काय घडते याची फिकीर आपण का करावी, याचे याहून थेट उत्तर नाही.

केनियात रेषा डोंगराळ पठारावर चढते. तेथे माउंट केनिया हे ५,१९९ मीटर उंचीचे शिखर विषुववृत्ताच्या अगदी लगत उभे आहे आणि त्यावर हिमनद्या आहेत. १८४९ साली क्राफ या जर्मन मिशनऱ्याने ते हिम पाहिल्याचे कळविले, तेव्हा युरोपातील विद्वानांनी त्याची थट्टा केली. लंडनमध्ये बसलेल्या कूली नावाच्या भूगोलज्ञाने विषुववृत्तावर बर्फ असणे अशक्य म्हणून ठरविले होते. डोळ्यांनी पाहिलेले हिम खोटे आणि खोलीत बसून मांडलेला सिद्धांत खरा! आज त्या हिमनद्या खरोखरच नाहीशा होत चालल्या आहेत, पण त्याचे कारण विद्वानांचा अविश्वास नसून पृथ्वीचे वाढते तापमान हे आहे.

केनियातील नान्युकी गावाशी रस्त्यावर रेषेची पाटी आहे. तेथे प्रवाशांना भोक पाडलेल्या भांड्यातील पाणी दाखवितात : रेषेच्या एका बाजूस ते उजवीकडे गरगरते, दुसऱ्या बाजूस डावीकडे. हा हातचलाखीचा खेळ आहे. परिवलनाचा परिणाम विषुववृत्तावर शून्य असतो आणि चार पावलांवर तो भांड्यातील पाणी फिरविण्याइतका होत नाही. पाणी ओतताना दिलेला झोका ते काम करतो. मात्र याच नियमाचा एक खरा परिणाम असा, की चक्रीवादळे या रेषेच्या अगदी जवळ सहसा जन्म घेत नाहीत.

या प्रदेशाशी आपल्या लोकांचाही संबंध आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जी रेल्वे बांधली गेली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. पुढे गोव्याहून गेलेली मंडळी तेथे कारकुनी आणि शिक्षकी करू लागली. पिओ गामा पिंटो हा गोवेकर कुळातील पुरुष केनियाच्या आणि गोव्याच्याही स्वातंत्र्यासाठी झटला. १९६५ साली नैरोबीत त्याची हत्या झाली. गोमंतकीय पिता आणि मसाई माता यांचे पुत्र जोसेफ मुरुंबी १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

काँगो : रबराची कहाणी

युगांडातून व्हिक्टोरिया सरोवर आणि हिमाच्छादित रुवेन्झोरी पर्वताचा पायथा ओलांडून रेषा काँगोच्या खोऱ्यात उतरते. येथे मात्र पाठ्यपुस्तकातील अरण्य भेटते. काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. रेषेच्या उत्तरेस कोरडा ऋतू असतो तेव्हा दक्षिणेस पाऊस असतो, म्हणून ही नदी बारमाही समान भरून वाहते. २०१७ साली संशोधकांनी या खोऱ्यातील दलदलीत सुमारे १,४५,००० चौरस किलोमीटरांवर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, पसरलेला असल्याचे दाखविले. त्यात सुमारे तीस अब्ज टन कार्बन साठलेला आहे. तो तेथेच राहणे, हे साऱ्या जगाच्या हिताचे आहे.

अशा समृद्ध भूमीत दारिद्र्य का? हंटिंग्टनचा शिष्य म्हणेल, उष्णतेमुळे. इतिहास निराळे सांगतो. १८८५ ते १९०८ या काळात हा अफाट मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होता. सायकली आणि मोटारींच्या चाकांसाठी युरोपला रबर हवे होते. जंगलातील वेलींचा चीक ठरलेल्या वजनाने गोळा करून न आणणाऱ्या गावकऱ्यांना फटके बसत, बायका ओलीस ठेवल्या जात, हात तोडले जात. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलातीतील अधिकाऱ्याने त्याचा अहवाल दिला आणि १९०४ साली तो प्रसिद्ध झाला. पुढे हाच केसमेंट १९१० साली अटलांटिकच्या पलीकडे, कोलंबिया व पेरूच्या सरहद्दीवरील पुतुमायो नदीच्या खोऱ्यात चौकशीस गेला. रेषा तीच, खंड दुसरे. तेथेही रबर आणि तेथेही आदिवासींच्या पाठींवर चाबकाचे तेच वळ! दोन्ही ठिकाणी सूर्य निर्दोष होता.

रबराची कहाणी येथेच संपत नाही. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रबराचे बी मोठ्या प्रमाणावर लंडनच्या क्यू उद्यानात नेले. त्या रोपांपासून सिंगापूर आणि मलायात मळे उभे राहिले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्राझीलचा रबराचा व्यापार कोसळला. हवा सारखी असल्यामुळे झाड नव्या भूमीत रुजले, हे खरे. पण संपत्ती कोणाच्या हाती गेली, हे हवेने ठरविले नाही.

गॅबनमध्ये, रेषेच्या किंचित दक्षिणेस लांबारेने येथे अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९१३ साली रुग्णालय सुरू केले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्यापुढील साओ टोमे व प्रिन्सिप हा देश गोव्याप्रमाणेच पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तो १९७५ साली स्वतंत्र झाला. त्याच्या रोलास नावाच्या चिमुकल्या बेटावरून रेषा जाते. प्रिन्सिप बेटावर २९ मे १९१९ रोजी एडिंग्टनने खग्रास ग्रहणाचे वेध घेतले आणि सूर्याजवळून येणारा प्रकाश वाकतो, या आइन्स्टाइनच्या भाकितास आधार मिळाला.

ब्राझील आणि इक्वाडोर : रेषेचे नाव देशाला

अटलांटिक ओलांडला की ॲमेझॉनचे मुख लागते. जगातील नद्या समुद्रास जेवढे गोडे पाणी देतात, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या ॲमेझॉनचा आहे. मुखाजवळील मकापा शहरात फुटबॉलचे एक मैदान असे आहे, की त्याची मधली रेषा म्हणजे विषुववृत्त, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. एक संघ उत्तर गोलार्धात, दुसरा दक्षिणेत!

ॲमेझॉनचे अरण्य म्हणजे माणसाचा हात न लागलेली भूमी, असेही आपण शिकलो. आता ते खरे राहिलेले नाही. त्या खोऱ्यात जागोजागी काळी कसदार माती सापडते. ती निसर्गाची नव्हे. कोळसा, राख आणि घरचा केरकचरा मिसळून तेथील प्राचीन माणसांनी ती घडविली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने इक्वाडोरच्या उपानो खोऱ्यात, अरण्याखाली, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वसलेल्या नगरांचे ओटे, रस्ते आणि शेतीचे पाट उघड केले. ज्या हवेत संस्कृती संभवत नाही म्हणून सांगितले, त्याच हवेत ती नांदत होती.

कोलंबियाच्या दक्षिण भागातून रेषा इक्वाडोरमध्ये अँडीज पर्वत चढते. क्विटो हे राजधानीचे शहर रेषेपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरांवर, पण सुमारे २,८५० मीटर उंचीवर असल्याने तेथे बारा महिने हवा गार असते. कायांबे हा ५,७९० मीटर उंचीचा ज्वालामुखी हिमाने झाकलेला आहे, आणि त्याच्या दक्षिण उतारावरून प्रत्यक्ष विषुववृत्त जाते.

या देशाच्या नावाची कथा सांगण्यासारखी आहे. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे की लांबोडकी, असा वाद अठराव्या शतकात पेटला होता. न्यूटनचा पक्ष चपटी म्हणे. फ्रान्समधील कासिनीचा पक्ष लांबोडकी म्हणे. निर्णयासाठी १७३५ साली एक फ्रेंच तुकडी क्विटोकडे निघाली. गोदँ, बुगे आणि ला काँदामिन हे तिचे प्रमुख. सोबत होर्खे हुआन आणि आंतोनियो द उलोआ हे दोन तरुण स्पॅनिश अधिकारी. दुसरी तुकडी उत्तरेस लॅपलँडला गेली. क्विटोजवळच्या डोंगरांत या मंडळींनी वर्षानुवर्षे थंडी, वारा आणि आपापसांतील भांडणे सोसून रेखावृत्ताचा कंस मोजला. न्यूटनचा पक्ष खरा ठरला. आज आपण जाणतो, की पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येहून सुमारे एकवीस किलोमीटर अधिक आहे. म्हणूनच चिंबोराझो हे इक्वाडोरचे ६,२६३ मीटर उंचीचे शिखर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टहून पुष्कळ ठेंगणे असूनही पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर आहे.

१८३० साली हा प्रदेश ग्रान कोलंबियातून वेगळा झाला, तेव्हा क्विटो हे आपले जुने नाव बाजूस ठेवून त्याने ‘इक्वाडोर’, म्हणजे स्पॅनिशमध्ये विषुववृत्त, हे नाव घेतले. परक्या शास्त्रज्ञांनी मोजलेली रेषा एका राष्ट्राची ओळख झाली. क्विटोजवळ उभारलेले रेषेचे भव्य स्मारक आधुनिक मोजणीप्रमाणे खऱ्या रेषेपासून सुमारे दोनशे चाळीस मीटर दूर आहे. तरी लोक तेथेच दोन गोलार्धांत पाय ठेवून छायाचित्रे काढतात.

किरिबाती, इंडोनेशिया आणि परत

पॅसिफिकमधील किरिबाती हा चारही गोलार्धांत पसरलेला एकमेव देश होय. त्याचा उच्चार ‘किरिबास’ असा होतो. ‘गिल्बर्ट्स’ या इंग्रजी नावाने तेथील भाषेत घेतलेले हे रूप आहे. त्या भाषेत ‘ती’ हे लिपिचिन्ह ‘स’ असे वाचले जाते. १९७९ साली तो स्वतंत्र झाला. १९९५ साली त्याने आंतरराष्ट्रीय वाररेषा आपल्या सीमेपलीकडे सरकविली, कारण एकाच देशात एकाच वेळी दोन निरनिराळे वार चालत होते. बहुतेक बेटे समुद्रापासून काही मीटरच वर आहेत. पाणी चढत असल्याने या देशाने २०१४ साली फिजीमध्ये जमीन विकत घेऊन ठेवली. विषुववृत्ताने नव्हे, दूरच्या देशांतील धुराड्यांनी त्याच्यावर ही वेळ आणली.

शेवटी इंडोनेशिया. सुमात्रा, बोर्निओ, सुलावेसी आणि हल्माहेरा या बेटांवरून रेषा जाते. बोर्निओतील पोंतियानाक शहरात १९२८ सालापासून रेषेचे स्मारक आहे आणि विषुवदिनी तेथे सावली नाहीशी होताना पाहण्यास लोक जमतात. हल्माहेरालगतची तर्नाते व तिदोरे ही बेटे म्हणजे लवंगेचे मूळ माहेर. आपल्या मसाल्याच्या डब्यातील लवंगेसाठी पोर्तुगीज आणि डच लढले. तर्नातेहूनच १८५८ साली वॉलेसने डार्विनला तो सुप्रसिद्ध निबंध पाठविला. येथून उत्तरेस पाहिले, तर रेषेपासून दीडशे किलोमीटरांच्या आत सिंगापूर दिसते. १९६५ साली स्वतंत्र झालेले हे नगरराज्य आज जगातील संपन्न देशांत गणले जाते. हवा तीच, उष्मा तोच.

समारोप

आपण पुन्हा सिद्धांतकारांच्या लंकेशी आलो. या एका रेषेवर आपण हिमनदी पाहिली आणि उंटांचे कळप पाहिले, अरण्य पाहिले आणि प्रवाळ पाहिले. सूर्याने सर्वांना समान प्रकाश दिला. पुढील भेद उंचीने, वाऱ्याने आणि सागरी प्रवाहांनी केले. आणि दारिद्र्य व समृद्धी यांचा भेद मुख्यतः माणसांनी केला. तेव्हा एखाद्या समाजाचे वर्णन त्याच्या अक्षांशावरून करणे हे अज्ञान तर खरेच, शिवाय तो अन्यायही आहे, कारण त्यामुळे चाबूक धरणारा हात दृष्टीआड होतो आणि दोष उन्हावर जातो.

या शाळेतील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तेरा देशांची नावे मुलांकडून जरूर पाठ करून घ्यावीत. पण त्यानंतर त्यांस विचारावे, की सोमालियात पाऊस का नाही, कायांबेवर बर्फ का आहे, काँगो गरीब का राहिला. ज्या मुलास हे प्रश्न पडतील, त्याला विषुववृत्त म्हणजे केवळ नकाशावरील रेघ वाटणार नाही. ‘विषुव’ या शब्दातील समानता आकाशात आपोआप घडते. जमिनीवर ती माणसांनी घडवावी लागते.